चौथा खड्डा

कालव्याच्या उपअभियंत्यांचं पत्र चार ओळींचं होतं. कालव्याची एक शाखा जिंतूर तालुक्यातल्या अमुक गावच्या पांढरीतून जाते, काम पावसाळ्याआधी उरकायचं आहे, तरी आपल्या पुरातत्त्व खात्याची हरकत नसल्याचं लवकर कळवावं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. या हकिकतीतली काही माणसं अजून हयात आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही.

पांढरी म्हणजे काय, ते आधी सांगते. मातीच्या भिंतींचं गाव कधीतरी उठून जातं, भिंती खाली बसतात, त्यावर पुन्हा कुणी घरं बांधतं, तीही बसतात. असं पाच-सात वेळा झालं की टेकाड होतं. चुलींची राख मिसळून मिसळून त्याची माती काळ्या रानात उठून दिसेल अशी पांढरट होते. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर बाया घमेली घेऊन हीच माती आणतात आणि माळवदावर टाकतात, म्हणजे घर गळत नाही. हजार-दोन हजार वर्षांचं गाव असं घमेल्याघमेल्याने चालू गावाच्या डोक्यावर जाऊन बसतं. मला यात कधी गैर वाटलं नाही. पण कालव्याचं यंत्र एका दिवसात अख्खं टेकाड खातं. म्हणून यंत्र यायच्या आत आम्ही जायचं, थोडं खणायचं, काय होतं त्याची नोंद करायची आणि बाजूला व्हायचं.

त्यासाठी आराखडा लागतो. माझी नोकरी बरीचशी हा आराखडा लिहिण्यात गेली. इथे काय असावं असं वाटतं, आपल्याला काय जाणून घ्यायचंय, खड्डे कुठे आणि केवढे, माणसं किती, दिवस किती, सापडलेल्या वस्तू कुठे ठेवणार, आणि थांबायचं कधी. शेवटचं कलम सगळ्यात अवघड. एकदा चारठाण्याकडचे एक गृहस्थ स्वतःच आराखडा लिहून आमच्या कचेरीत आले होते. त्यांच्या देवघराखाली धनाचा हंडा होता म्हणे, त्यांना स्वप्न पडलं होतं. 'थांबायचं कधी' या कलमापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'हंडा लागेपर्यंत.' आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्या वेळी माझ्या स्वतःच्या आराखड्यांत यापेक्षा फार शहाणं काही लिहिलेलं नसे, हे मला पुढे कळलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन, मराठवाडा पेटून आणि विझून तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. नाव बदललेलं नव्हतं. जळलेली घरं बहुतेक ठिकाणी पुन्हा उभी राहिली होती. मी परभणीची, वय तेहतीस, आणि आराखडा लिहिण्याचं काम नुकतंच माझ्याकडे आलेलं. माझ्याआधी ते ज्यांच्याकडे होतं ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जुन्या फायलीतले शब्द बदलून नवा आराखडा करायचा, अशी रीत होती.

मी एसटीने गेले, फाट्यावर उतरून चालत गाव गाठलं. तलाठ्याकडून नकाशा घेतला. माणिकराव पाटलांनी ओसरीवर चहा पाजला आणि स्वतः येऊन टेकाड दाखवलं. पन्नाशीचा, धिप्पाड, बोलायला मोकळा माणूस. टेकाडाच्या उत्तरेला त्यांची मोसंबीची बाग, गाव पूर्वेला आणि दक्षिणेच्या उतारापलीकडे बौद्धवाडा. मी तिकडे वळले तर ते म्हणाले, "तिकडं कशाला जायलाव म्याडम? तिकडल्या लोकाला पांढरीचं काय ठावं? आमच्या सात पिढ्या हितं गेल्या, आमाला इचारा."

आणि मला पाचची एसटी गाठायची होती. पाटलांनी जायला मनाई केली नव्हती. मीच गेले नाही.

आराखडा आठ दिवसांत लिहिला. चार खड्डे, तीन कालव्याच्या आखणीच्या रेषेच्या उत्तरेला आणि एक ऐन रेषेवर, बारा मजूर, एकवीस दिवस. चौथा खड्डा दक्षिणेच्या उतारावर. तो कागदावर पट्टी ठेवून आखला, तेव्हा मी आरामखुर्चीत बसले होते, हेही आठवतं.

मजुरांचे मुकादम रज्जाकभाई जिंतूरचे. सडपातळ, पिकलेली दाढी, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी बारा माणसं जमवली, सहा गावातली, सहा बौद्धवाड्यातली. त्यात कौसाबाई होत्या. चाळिशीच्या आतबाहेर, कामाला वाघीण. इतर बाया घमेलं रिकामं करून क्षणभर कमरेवर हात ठेवीत, कौसाबाई तेवढाही दम घेत नसत. चाळणीतून मणी निवडायला तर त्यांच्यासारखी नजर कुणाची नव्हती.

पहिला खड्डा आम्हाला पावला. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेली विहीर निघाली, सातवाहनांच्या काळातली. दुसऱ्यात शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. तिसऱ्यात चोपून केलेली जमीन आणि त्यावर चूल. प्रत्येक खड्ड्यात सगळ्यात खालचा, सगळ्यात जुना थर दक्षिणेकडे उतरत होता आणि जाड होत होता. म्हणजे पहिली माणसं जिथे येऊन राहिली ती जागा चौथ्या खड्ड्याखाली होती. मला रात्रीची झोप लागेना. असा योग नोकरीत एकदा येतो.

तिकडे यंत्र जवळ येत होतं. पहिल्या दिवशी त्याची नुसती घरघर ऐकू यायची. दुसऱ्या आठवड्यात धूळ दिसायला लागली. तिसऱ्या आठवड्यात आमच्या चाळणीतली माती हादऱ्याने आपोआप खाली गळायची. उपअभियंता बोरकर साहेब रोज जीप थांबवून विचारत, "मॅडम, किती दिवस?" माणूस वाईट नव्हता. वरून त्यांनाही तोच प्रश्न येत होता.

अजून एक माणूस रोज विचारत असे. "म्याडम, चौथा कवा धरनार?"

मला वाटायचं, कौसाबाईंना काम संपायची काळजी आहे. मी सांगायची, अजून वेळ आहे, हजेरी बुडणार नाही. त्या मान डोलवून जात. शेवटी एका शनिवारी मी त्यांना म्हणाले, "सोमवारी धरू."

सोमवारी मी टेकाडावर चढले तेव्हा चार खुंट्या आणि त्यांना बांधलेली सुतळी, या चौकोनाच्या मधोमध कौसाबाई बसल्या होत्या. मांडी घालून, दोन्ही तळवे मातीवर टेकून. बाकीचे मजूर दूर उभे.

रज्जाकभाई पुढे आले. "फजरपासून बसलीय. उठंना, बोलंना. म्याडम, मामला ठीक न्हाई दिसायलाय."

"का?"

त्यांनी हनुवटीने गावाकडे दाखवलं. माणसं येत होती. कुणीतरी सांगितलं होतं की कौसाबाईला शनिवारी चौथ्या खड्ड्यात हंड्याचा काठ दिसला आणि ती तो अडवून बसलीय. चौथ्या खड्ड्यात अजून खुरपंही लागलेलं नव्हतं, पण हे कोण कुणाला सांगणार! दहा वाजेपर्यंत पूर्वेच्या बाजूला चाळीस-पन्नास माणसं झाली. मग दक्षिणेच्या उतारावर बौद्धवाड्यातली माणसं येऊन उभी राहिली. त्यांच्या पुढे कौसाबाईंचा नवरा नामदेव. तो खाली उभा राहून बायकोकडे बघत होता. ती काय करतेय, हे त्यालाही माहीत नव्हतं, एवढं दिसत होतं.

 मी दंगली पेपरात वाचल्या होत्या, पाहिल्या नव्हत्या. पण माणसं आपापल्या पायाखाली दगड कुठे आहेत ते बघून घेताहेत, हे ओळखायला काही शिकावं लागत नाही. रज्जाकभाईंनी घाई न करता सगळ्या कुदळी, टिकाव, पहारी गोळा केल्या, ताडपत्रीखाली घातल्या आणि त्या ढिगावर स्वतः जाऊन बसले. बिडी काढली, पण पेटवली नाही.

माणिकराव पुढे आले. "म्याडम, उठवा तिला. सरकारी कामात आडवी यायली. तुमाला जमत नसंल तर आमी उठवतो."

"दहा मिनिटं द्या," मी म्हणाले.

मी सुतळी ओलांडून आत गेले आणि कौसाबाईंच्या समोर मातीत बसले. पाठ गावाकडे केली, म्हणजे त्यांचा चेहरा कुणाला दिसू नये.

"कौसाबाई, काय आहे इथे?"

 ओठ न हलवता बोलावं तसं त्या म्हणाल्या, "माजं लेकरू हाय."

मी त्यांच्या तळव्यांकडे पाहिलं.

"नामांतराच्या वक्ताला. वाडा पेटला तवा आमी पळालो. मालक बैलं घिऊन एकीकडं, मी न् सासू एकीकडं. जवारी गुडघ्याएवढी, लपायला जागा न्हाई. हितं माती नेऊ नेऊ खड्डा पडलेला व्हता, त्यात बसलो. रातभर पाऊस. लेकरू तापलं. सकाळच्याला गार पडलं."

"मग?"

"मसनवटा गावाच्या पल्याड. गावातून कसं जावं? मी हितंच ठिवलं. खापराच्या तुकड्यानं खांदलं, म्याडम. लय खोल न्हाई जमलं."

आठ वर्षं ती बाई माती आणायला टेकाडाच्या दुसऱ्या टोकाला जात होती. आणि जवळजवळ तीन आठवडे माझ्या हाताखाली घमेली वाहत होती, चौथा खड्डा कधी, एवढंच विचारत.

"नामदेवला माहीत आहे?"

"न्हाई. त्याला सांगितलं मसनवट्यात पुरलं म्हून. खरं कळलं असतं तर त्येच दिशी गावात गेला असता. जित्ता आला नसता." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "आता बी तसंच हाय. बगा की तिकडं."

मी बघितलं नाही. माझ्या मांडीवरच्या फायलीकडे मी बघत होते. आठ पानी आराखडा. मणी सापडले तर काय करायचं, नाणं सापडलं तर काय, मूर्ती सापडली तर पंचनामा कुणी करायचा, सगळं होतं. माणूस सापडलं तर काय करायचं, हे नव्हतं. जुन्या फायलीत नव्हतं म्हणून माझ्यातही नव्हतं.

बोरकर साहेबांची जीप आली. ते धापा टाकत वर चढले. "मॅडम, काय चाललंय? यंत्र परवा इथे पाहिजे."

"आज हा खड्डा होणार नाही."

"कारण?"

मी कौसाबाईंकडे पाहिलं.

"कारण लेखी द्या. तोंडी मी काय करू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुम्ही नुसतं बंद म्हणालात तर ही माणसं तुमची पाठ फिरल्यावर स्वतः खणतील. कळतंय ना?"

कळत होतं. कारण सांगावं तर नामदेव समोर उभा, मध्ये तीस पावलं, आणि दोन्हीकडे माणसं. न सांगावं तर संध्याकाळच्या आत हंड्यासाठी पहारी चालणार. मी पेन उघडून आराखड्याचं कोरं मागचं पान काढलं. 

"कौसाबाई, काय लिहू? तुम्ही नको म्हणालात तर मी दुसरं काहीतरी लिहीन. खोटं लिहीन."

त्यांनी माझ्या पेनाकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं.

"खोटं नका लिहू. आठ वर्सं मी झाकलं, आता तुमी झाकनार, मंग कोन? लिवा. पर आधी त्याला मी सांगते."

त्या उठल्या. गावाच्या बाजूने एक आवाज उठला, दोन-चार माणसं सुतळीकडे सरकली. मी चौकोनात उभी राहिले. एवढंच मला सुचलं. रज्जाकभाई ढिगावरून हलले नाहीत, पण त्यांनी सरकणाऱ्यांतल्या एकाला नावाने हाक मारली आणि विचारलं, "क्यूं रे, तेरी माँ की तबीयत कैसी है?" तो थबकला. त्याला उत्तर द्यावं लागलं.

कौसाबाई उतारावरून नवऱ्यापर्यंत चालत गेल्या. काय बोलल्या ते कुणालाच ऐकू आलं नाही. नामदेवने डोक्याचा रुमाल काढला आणि हातात धरला. मग तो वर यायला लागला. सुतळीपाशी थांबला नाही. मला ओलांडून सरळ माणिकरावांसमोर जाऊन उभा राहिला. पाटील त्याच्यापेक्षा वीतभर उंच. 

"पाटील," नामदेव म्हणाला, "वाडा पेटला तवा ह्या जागी माजं लेकरू मेलं. बायकोनं हितंच पुरलं. तुमी तवा कुठं व्हता?"

मला वाटलं, आता झालं. माणिकरावांच्या मागचा एक तरुण खाली वाकला. पाटलांनी मागे न बघता हात आडवा धरला.

 यंत्राची घरघर तेवढी येत होती.

"घरात व्हतो," माणिकराव म्हणाले. "दार लावून."

"तुमी न्हवता त्यात?"

"न्हवतो. पर दार उघडलं बी न्हाई." त्यांनी आडवा धरलेला हात खाली घेतला. "आरडाओरड ऐकू यायली व्हती."

 नामदेव वळला, सुतळीजवळ आला आणि उकिडवा बसला. आत पाय टाकला नाही. माणिकराव आपल्या माणसांकडे वळून म्हणाले, "चला रे घरला. हितं हंडा न्हाई." कुणीतरी काही पुटपुटलं. ते ओरडले, "चला म्हनतो ना!" आणि स्वतः आधी उतरायला लागले.

माणसं पांगायला तासभर लागला. मी नोंद पुरी केली. खड्डा क्रमांक चार, अलीकडचं दफन, न उघडता जागेवर ठेवावं. वय विचारलं, कौसाबाई म्हणाल्या, "एकोनीस दिसाचा पोरगा." नाव विचारलं.

"बारसं व्हायचं व्हतं," त्या म्हणाल्या.

नावाच्या जागी मी तेच लिहिलं.

पुढचं सरळ झालं असं वाटेल, पण झालं नाही. बोरकर साहेब म्हणाले, "एका लेकरासाठी कालवा वळवा, असं मी वर कसं लिहू?" आम्ही दोघांनी जिंतूरच्या विश्रामगृहात बसून नकाशावर लाल पेन्सिलीने वेगवेगळी वळणं काढून पाहिली. कालव्याला उतार लागतो, तो मन मानेल तिथे वळत नाही. बसत होतं ते वळण एकच, उत्तरेकडे साठेक फुटांचं. त्यात पाटलांच्या मोसंबीच्या दोन ओळी जात होत्या आणि माझी कड्यांची विहीरही जात होती. तिसऱ्या खड्ड्यातली चूल तर पुरतीच.

पाटलांनी संमतीवर लगेच सही केली असं लिहायला मला आवडलं असतं. त्यांनी पंधरा दिवस घेतले. दोनदा मला ओसरीवरून परत पाठवलं. तिसऱ्यांदा सही केली आणि म्हणाले, "ह्याच्यावर बोलायचं न्हाई." मी बोलले नाही. यंत्र आलं तेव्हा कड्यांची विहीर मी उभी राहून जाताना पाहिली. तिचे फोटो आणि मी हाताने काढलेलं चित्र उरलं आहे. चित्र चांगलं आहे.

खात्यातले वरिष्ठ संतापले. उपलब्ध झालेले अवशेष घालवले आणि ज्या थरासाठी सगळं केलं तो खणलाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. त्या वर्षीच्या माझ्या शेऱ्यात 'भावनेच्या आहारी जातात' असं लिहिलेलं आहे. मी त्यावर काही खुलासा दिला नाही. पण त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक आराखड्याचं पहिलं पान वेगळं असे. कुणाकुणाला विचारलं, कोणत्या वस्तीत गेले, कुठे जायचं राहिलं. कनिष्ठ मंडळी त्याला 'म्याडमची हजेरी' म्हणत. त्या हजेरीमुळे पुढे दोन दर्गे, एक विहीर आणि धनगरांचा एक तळ वाचला. पण पहिल्या आराखड्यात ते पान असतं, तर कौसाबाईंना सगळ्या गावासमोर मातीत बसावं लागलं नसतं. ते माझ्याकडून झालं.

नामांतर झालं त्या वर्षी उन्हाळ्यात येलदरीकडे काम होतं. येताना जीप त्या फाट्यावर थांबवली. नामदेव कामाला गेला होता. कौसाबाईंचे केस पिकले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा केला, आणि मी न विचारता टेकाडाकडे निघाल्या. कालव्याला पाणी होतं. दक्षिणेचा उतार होता तसा होता, त्यावर तरवडाची झुडपं माजली होती. आम्ही जरा वेळ उभ्या राहिलो.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "तुमी तवा म्हनला व्हता, हितं खाली जुनी मानसं ऱ्हात व्हती म्हून."

"हो."

"किती खाली?"

"दोन पुरुष खोल. थोडं जास्तच."

"घरं व्हती त्यायची? चुली? लेकरंबाळं?"

मी शास्त्राची बाई. तिसऱ्या खड्ड्यात चूल होती, ती तिसऱ्या खड्ड्यात. चौथ्याखाली काय आहे, ते मी पाहिलेलं नाही, कुणीच पाहिलेलं नाही. खापरांच्या उतारावरून अंदाज बांधता येतो, पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. हे मी पोरांना पुढे किती वर्षं शिकवलं.

"होती," मी म्हणाले. "अगदी ह्याच जागेखाली. पुष्कळ घरं होती."

कौसाबाईंनी मान हलवली. "मंग मानसात हाय म्हना," त्या म्हणाल्या, आणि खाली उतरायला लागल्या.

पुराव्याशिवाय मी ठामपणे केलेलं ते एकच विधान. त्याची नोंद कोणत्याही फायलीत नाही.